वेल्हे तालुका: पाऊस एवढा पडतो, मग मे महिन्यात टँकर का?

कानदखोरे:
मंडळी, वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. नाव बदलायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण खोऱ्यातल्या बोलण्यात अजून वेल्हंच आहे. लोकसंख्येने पुणे जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत पंचावन्न हजारांच्या आसपास माणूस, तोही शंभरावर गावांत आणि त्यांच्या वाड्यांत विखुरलेला. अख्ख्या तालुक्यात एकही शहर नाही.
याच तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही तीन मोठी धरणं. पावसाळ्यात केळदच्या बाजूला दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही. आणि तरी माथ्यावरच्या वाड्यांत एप्रिल उजाडला की हंडे घेऊन डोंगर चढणं सुरू.
नेमका प्रश्न असा: घाटमाथ्यावरची साधारण ४० उंबऱ्यांची वाडी. विहीर मार्चमध्येच तळ गाठते. वाडीच्या वर डोंगरात एक झरा मेअखेरपर्यंत वाहतो, पण धार बारीक असते. गावात दोन मतं आहेत, बोअर मारायचा की झरा बांधून पाणी खाली आणायचं. माहितगारांनी सविस्तर लिहावं. आणि एवढा पाऊस जातो कुठे, तेही.

सह्यवेडा:
झरा. बाकीचं माहितगार सांगतीलच.

कातळ:
पाऊस जातो कुठे, याचं उत्तर खडकात आहे.
हा सगळा भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक जवळजवळ आडवे बसलेले. प्रत्येक थरात साधारण दोन भाग ओळखू येतात. एक घट्ट काळा कातळ, ज्यात पाणी फक्त उभ्या भेगांतून उतरतं. दुसरा सच्छिद्र, पांढऱ्या गाठी असलेला, आडव्या सांध्यांचा, ज्यात पाणी थोडं साठतं आणि आडवं सरकतं. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. वरून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि डोंगराच्या बाजूने बाहेर पडतं. तोच तुमचा झरा. म्हणून एकाच उंचीवर, एका रेघेत चार-पाच झरे किंवा नुसती ओल दिसते. तोरणा, राजगडाच्या कड्यांवर हे थर लांबूनही मोजता येतात.
आता अडचण. बेसॉल्टची साठवण फार कमी, शंभर भाग खडकात एक ते तीन भाग पाणी. वरची माती वीतभर, उतार तीव्र. पावसाचं बहुतेक पाणी काही तासांत ओढ्याला लागतं आणि ओढ्याचं धरणात. मुरतं तेवढंच उन्हाळ्यात मिळतं. त्यातही पश्चिमेच्या कड्यालगतचे झरे लवकर आटतात, कारण त्यांच्या वरचं पठार अरुंद असतं. पाऊस तिथे जास्त, पण तो मुरायला जागा कमी. पाऊस किती पडला यापेक्षा झऱ्याच्या वर सपाटी किती आहे, हे आधी बघा.

घाटवाट:
कातळ यांच्या लिहिण्याला भूगोलाची जोड. सिंहगडाकडून येणारी रांग तालुक्याचे दोन भाग करते, ती ओलांडायला पाबे घाट. घाटाच्या उत्तरेला आंबी आणि मोसे या नद्या, दोन्ही मुठेला मिळतात. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव. दक्षिणेला कानंदी आणि गुंजवणी, हे पाणी नीरेकडे. पश्चिमेला सरळ कडा आणि खाली कोकण. मढे घाट, उपांड्या, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, या सगळ्या पायवाटा. तालुक्यातून थेट कोकणात उतरणारा वापरातला गाडीरस्ता नाही. गाडीला उत्तरेला ताम्हिणी, नाहीतर दक्षिणेला भोरवरून वरंध. म्हणून कड्यालगतची गावं रस्त्याचं शेवटचं टोक होऊन बसली. मोहरी गावापासून खालचं कोकणातलं गाव डोळ्यांना दिसतं, पण गाडीने जायचं तर दिवस जातो.

वाफसा:
वस्ती विरळ असण्याचं एक कारण घाटवाट यांनी सोडलं. खोऱ्यातली चांगली, सपाट, खोल मातीची भातजमीन नदीकाठी होती. पानशेत आणि वरसगावच्या पाण्याखाली नेमकी तीच गेली. काही कुटुंबांचं पुनर्वसन खाली झालं, उरलेली वर सरकून डोंगरउतारावर राहिली. आज शिरकोली, घोल, दापसरे या बाजूला जी शेती दिसते ती बरीचशी वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीची आहे. खोरं बुडाल्यावर पलीकडच्या काठाचं गाव होडीने जवळ आणि रस्त्याने तासाभराच्या वळशाचं झालं. पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावची १२.८२ टीएमसी. हे पाणी पुण्याला आणि खालच्या कालव्यांना. काठावरच्या गावाला ते हवं तर उपसा योजना, म्हणजे वीजबिल, म्हणजे थकबाकी.

पुण्याचा_शेजारी:
पण पुण्याला पाणी लागतंच ना. १९६१ साली १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा शहराने काय सोसलं तेही आठवावं. धरणाचा दोष गावांच्या माथी नको, तसा शहराच्याही नको.

वाफसा:
@पुण्याचा_शेजारी, दोष कुणाच्याच माथी मारत नाही. मुद्दा एवढाच की "धरण उशाशी, मग पाणी का नाही" या प्रश्नाचं उत्तर उंचीत आहे. जलाशय खाली, वाडी दीडशे-दोनशे मीटर वर. पाणी वर चढवायला जन्मभर वीज लागते. झरा वाडीच्या वर असेल तर तो स्वतःहून खाली येतो.

नळजोड:
आता मूळ प्रश्नावर, क्रमाने.
आधी मोजमाप. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडायच्या आधी, सकाळी लवकर. धार एका पन्हळीत किंवा पाईपात गोळा करून १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा, सरासरी काढा. समजा ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ०.२ लिटर, दिवसाला १७,२८० लिटर.
गरज: ४० घरं, माणसं धरू २००. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर, म्हणजे ११,०००. जनावरं ५० आणि प्रत्येकी ६० लिटर, म्हणजे ३,०००. एकूण १४,०००. "बारीक धार" पुरते! फसगत कुठे होते, तर लोक धारेकडे बघून ठरवतात आणि रात्रीचं पाणी ओढ्याला वाहून जातं. त्यामुळे खरी गरज साठवण टाकीची. १०,००० लिटरची टाकी असली की रात्रभराचं पाणी सकाळी हाताशी.
बांधकाम: झऱ्याच्या तोंडाची माती हाताने काढत कातळापर्यंत जा. सुरुंग लावू नका, ब्रेकरही नको. भेग हलली की पाणी दुसरीकडून निघतं. कातळातून जिथे पाणी येतं तिथे आधी मोठे धुतलेले दगड, मग खडी, त्यापुढे बंदिस्त पेटी. पेटीतली पाण्याची पातळी झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा वर कधीही चढता कामा नये. हा नियम मोडल्यामुळे कितीतरी झरे "गेले". पाणी मागे तुंबलं की ते खडकात दुसरी वाट शोधतं. म्हणून ओव्हरफ्लोचा पाईप तोंडाच्या पातळीच्या खाली आणि जाण्याच्या पाईपापेक्षा जाड. जाणारा पाईप पेटीच्या तळापासून १०-१५ सेंमी वर, म्हणजे गाळ आत जात नाही. तळाला धुण्यासाठी वेगळं तोंड. वर झाकण, त्याला कुलूप. पेटीच्या वरच्या अंगाला चार-पाच मीटरवर आडवा चर, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी पेटीत न येता बाजूने जाईल. भोवती काटेरी कुंपण.

सह्यवेडा:
तुंबण्याचा मुद्दा सोन्याचा आहे, नळजोडदादा. कित्येक ठिकाणी झऱ्याला भिंत घालून तळं करतात, आणि दुसऱ्या वर्षी भिंत कोरडी.

खाचरातली:
पाईप कुठला आणि किती इंची, तेही सांगा.

नळजोड:
@खाचरातली ताई, सेकंदाला ०.२ लिटर आणि अंतर ८०० मीटर असेल तर ३२ मिमीचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाईप पुरतो. एवढ्या अंतरात घर्षणात साधारण ५ मीटर उंची खर्च होते. झरा आणि टाकी यांत त्याहून जास्त उतार असला की पाणी येतंच.
दाबाचं गणित विसरू नये. १० मीटर उंचीला १ किलो दाब. ६ किलो दाबाचा पाईप ६० मीटर उंचीच्या फरकाला. झरा वाडीच्या १५० मीटर वर असेल तर दर ५० मीटर उतरणीला एक लहान उघडी टाकी, जिथे दाब शून्य होतो आणि पाणी पुन्हा सुरू होतं. ती नसेल तर तळाचे जोड सुटतात, आणि दोष "हलक्या पाईपा"ला दिला जातो.
पाईपाच्या वाटेत चढ आला तर त्याच्या माथ्यावर हवा अडकते आणि पाणी बंद पडतं. तिथे हवा सोडणारी तोटी. खोलगट जागी गाळ काढायची तोटी.
आणि पाईप दोन-अडीच फूट गाडा. कातळ लागला तर वरून दगड-माती रचून झाका. उघडा पाईप फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात वितळतो. या भागातल्या बंद पडलेल्या योजनांची पाहणी केली तर हे कारण पहिल्या दोन-तीनांत सापडेल.

बोअरवाला_भाऊ:
झऱ्याची बाजू ऐकली, आता माझीही ऐका. बोअर सरसकट वाईट नाही. खोऱ्याच्या तळाला, ओढ्यालगत, विंझर-मार्गासनीच्या बाजूला बोअरला पाणी लागतं आणि टिकतं. तिथे माती खोल, खडक झिजलेला. वाडीच्या वर झरा नसेल तर दुसरा इलाज काय?

कातळ:
@बोअरवाला_भाऊ, तळाच्या गावांबद्दल पूर्ण मान्य. माथ्यावर मात्र जपून. वाडी झऱ्याच्या पट्ट्याच्या वर असेल आणि तुम्ही २०० फूट खाली गेलात, तर बोअर तो तांबडा पट्टा भोकसून जातो. वरच्या थरात अडलेलं पाणी बोअरमधून खालच्या कोरड्या भेगांत उतरतं. बोअरलाही पाणी नाही आणि झराही आटतो. आणखी एक, कायद्याने अधिसूचित सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागा पाहून घ्या, त्यांच्याकडे थरांच्या नोंदी असतात. पानाडी (पाण्याची जागा सांगणारा) नारळ ठेवून जागा दाखवतो, पण खडकाचा थर दाखवत नाही.

बोअरवाला_भाऊ:
हे पटलं. माथ्याला झरा, तळाला बोअर.

खाचरातली:
पाण्यावरून भाताकडे वळते, कारण इथलं सगळं वर्ष भातावर चालतं. पाऊस जास्त असण्याचा त्रास भातालाही होतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. डोंगरउतारावरच्या खाचरांत पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सतत उतरत असतं. युरिया फेकला की दुसऱ्या दिवशी तो ओढ्यात. म्हणून इथे चारसूत्रीच योग्य, म्हणजे चार सूत्रांची भातलावणीची पद्धत.
दोरीवर २५ आणि १५ सेंमीच्या आळीपाळीने खुणा करा. ओळीही त्याच आळीपाळीने. चूड (एका जागी लावायची जुडी) दोन-तीन रोपांचा. मग चार चुडांचे १५ बाय १५ चे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंमी खोल, लावणीच्याच दिवशी. एकरी २५,००० गोळ्या, साधारण ६८ किलो. गोळी चिखलात खोल असल्याने पाणी वाहिलं तरी खत जागेवर. वरवर दाबली तर काहीच उपयोग नाही, हाताचं बोट पूर्ण आत गेलं पाहिजे. मजूर घाई करतात तिथेच बिघडतं.
बाकीची दोन सूत्रं: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि खाचरात पेंढा, शिवाय चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला.
बियाणं: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेलं बी टाकून द्या, बुडालेलं दोनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. एवढ्यानेच रोप एकसारखं येतं.

माळरान:
इंद्रायणी की आंबेमोहोर?

खाचरातली:
इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची, १९८७ ची. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेली. वास आहे, उतारा आंबेमोहोरापेक्षा चांगला, पण तयार व्हायला १३५ ते १४० दिवस. माथ्यावर ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात ती आडवी होते. म्हणून वरच्या, लवकर वाळणाऱ्या खाचरांत हळवा (कमी दिवसांत तयार होणारा) भात, खालच्या ओल टिकणाऱ्या खाचरांत इंद्रायणी. सगळ्या शेतात एकच जात लावली की सगळी कापणी एकाच पावसात सापडते. आंबेमोहोर घरच्यासाठी थोडा लावावाच, पण करपा रोगाकडे लक्ष ठेवून.

वाफसा:
राबाबद्दलही लिहा ताई. दर मे महिन्यात डोंगर धुराने भरतात.

खाचरातली:
राब म्हणजे रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत, माती थराने रचून भाजणं. त्याने तण मरतं, राख मिळते. या पावसात तण हा भाताचा मोठा शत्रू, त्यामुळे लोक सोडत नाहीत आणि त्यांना नावं ठेवणंही बरोबर नाही. पण फांद्या तोडून तोडून ऐन-किंजळाची झाडं नुसते खुंट होतात. पर्याय गादीवाफा: एक ते सव्वा मीटर रुंद, चार बोटं उंच, दोन्ही बाजूंना चर, वर काळी राख आणि कुजलेलं शेणखत. एकराला चार गुंठे रोपवाटिका. चर नीट नसतील तर जूनच्या पहिल्या झडीत वाफा वाहून जातो आणि माणूस पुन्हा राबाकडे वळतो. सगळं यश त्या चरांत आहे.

माळरान:
वरकसावर जुनी पद्धत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग जमीन पड. पड ठेवायची वर्षं कमी झाली की माती हातची जाते. पड जमिनीवर कारवी वाढते. तिच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती होतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि त्या वर्षी मध भरपूर. पण महत्त्वाचं हे की तिच्या मुळांनी उतार धरून ठेवलेला असतो. प्लॉटिंगसाठी जेसीबीने पहिली जाते ती कारवीच.

प्लॉटधारक:
प्लॉटिंगला सगळेच नावं ठेवतात. पण त्याने रस्ते आले, गवंडीकाम, राखणदारी अशी कामं गावात मिळाली. माणसं पुण्याला जायची थांबली तर वाईट काय?

नळजोड:
@प्लॉटधारक, काम मिळतं हे खरं आणि ते महत्त्वाचंही आहे. पण पठारावर प्लॉट पाडताना रस्ता कापला की झऱ्याकडे जाणाऱ्या भेगा उघड्या पडतात. पाणी रस्त्याच्या गटारातून निघून जातं. त्यात शोषखड्डा झऱ्याच्या वर असेल तर मैलाही भेगांतून खाली. बेसॉल्टच्या भेगांत पाणी गाळलं जात नाही. प्लॉट घेणाऱ्यांनी एवढं करावं: झऱ्याच्या वरची सपाटी सोडून जागा घ्यावी, जुनी पायवाट आणि पाणंद कुंपणाने अडवू नये, आणि ग्रामपंचायतीला झरा कुठे आहे ते आधी विचारावं.

प्लॉटधारक:
एवढं सहज करता येईल. झऱ्यांचा नकाशा ग्रामपंचायतीत लावला तर घेणाऱ्यालाही आधीच कळेल.

वाटाड्या:
रस्त्याचा विषय निघालाच आहे म्हणून. इथले रस्ते डांबर कमी पडल्याने खराब होत नाहीत, पाण्याने होतात. डोंगराच्या बाजूचं गटार मेअखेर साफ झालं नाही की पहिल्या आठवड्यात ते दरडीच्या मातीने भरतं. पाणी रस्त्यावरून वाहतं, दरीकडची कड पोखरते, आणि ऑगस्टमध्ये निम्मा रस्ता खाली. ओढ्यावर लहान नळाची मोरी घातली तर ती फांद्यांनी तुंबते. त्यापेक्षा काँक्रीटची फरशी बरी, पाणी वरून जातं, दोन तास थांबावं लागतं, पण वाहून जात नाही. वळणावर आणि उभ्या चढाला काँक्रीट, बाकी डांबर.
एसटीचंही तसंच. शेवटच्या गावात गाडी वळवायला मोकळी जागा नसेल तर फेरी आधीच्या गावात संपते. मुक्कामी गाडी हवी असेल तर आधी वळायची जागा आणि चालक-वाहकाला झोपायला कोरडी खोली, पाणी, संडास. मागणीच्या अर्जात हे लिहून दिलं तर अर्ज पुढे सरकतो.

कानदखोरे:
आमच्याकडे दीड किलोमीटरचा तुकडा वनखात्याच्या हद्दीत अडकलाय. उपाय?

वाटाड्या:
वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). शाळा, दवाखाना, पिण्याच्या पाण्याच्या पाईपलाईन, रस्ते अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर मंजुरी मिळते. उपवनसंरक्षकाकडे प्रस्ताव. दीड किलोमीटर लांबी आणि ६ मीटर रुंदी म्हणजे ०.९ हेक्टर, बसतं. ७ मीटर धरलीत तर १.०५ होऊन नेमकं बाहेर पडतं.
ग्रामसभेत अडतं ते कोरममुळे. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. मुंबई-पुण्याला गेलेल्यांची नावं यादीत असतात, म्हणून ग्रामसभा गणपतीत किंवा गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लावा. झऱ्याची पाईपलाईन वनात असेल तर तिचाही ठराव त्याच सभेत, पण वेगळा.

साकव:
शाळेचं अंतर कागदावर मोजतात त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत. पण मध्ये ओढा असेल तर पावसाळ्यात ते अंतर उन्हाळ्याचं राहत नाही. पटसंख्या कमी म्हणून वाडीची शाळा शेजारच्या शाळेत मिळवण्याआधी वाटेत साकव (ओढ्यावरचा पायी पूल) आहे का, ते बघायला हवं. लोखंडी साकव हे मोठं काम नाही, फक्त पायथा कातळावर हवा आणि पट्टी पुराच्या खुणेपेक्षा मीटरभर तरी वर.

रुग्णसेवा:
पावसाळ्यात भातलावणीला आणि कापणीला सर्पदंश सर्वांत जास्त, म्हणून चार गोष्टी. चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, फळी बांधा. करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज येते. चावल्याची वेळ लिहून ठेवा. मण्यार चावली तर दुखत नाही, सूजही नसते. पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं हीच खूण. "काही झालं नाही" म्हणून रात्र काढायची नाही. घोणस असेल तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त.
रस्ता नसेल तिथे डोली: आठ-नऊ फुटांचे दोन बांबू, मध्ये घोंगडी दुमडून बांधलेली, चौघे उचलायला, चौघे बदलीला. माणूस आडवा राहिला पाहिजे, चालवायचं नाही. १०८ ला फोन आधीच करा, म्हणजे डोली रस्त्याला पोचेपर्यंत गाडी येते. फोनला रेंज नेमकी कुठल्या दगडाजवळ मिळते ते वाडीत प्रत्येकाला माहीत हवं, पोरांनासुद्धा.

माळरान:
आगोटीची बेगमी हाही आरोग्याचाच भाग. जून उजाडायच्या आत सरपण, पेंढा, मीठ, मिरची, रॉकेल-बॅटरी, ओआरएसची पाकिटं, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या. सौरदिवे जुलैत अर्धेही चार्ज होत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नये.

सह्यवेडा:
गिर्यारोहक मंडळींना विनंती: मढे घाटाला, रायलिंग पठारावर येता, आनंद आहे. झऱ्यात भांडी धुवू नका, टाक्यात उतरू नका. ते वाडीचं पिण्याचं पाणी आहे. जेवण गावातच सांगा, चार पैसे तिथे राहतात.

कातळ:
झऱ्याच्या वर पाणी मुरवण्याबद्दल एक राहिलं. झरा बांधला की लोक उत्साहाने सगळ्या उतारावर चर खणतात. तसं करू नका. चर फक्त वरच्या सपाटीवर आणि हलक्या उतारावर, दोन फूट रुंद, एक-दीड फूट खोल, समपातळीत. खाली खडक उघडा, भेगाळ असेल तिथे फायदा जास्त. उभ्या उतारावर, जिथे माती खोल आहे आणि खाली वाडी आहे, तिथे चर म्हणजे दरडीला आमंत्रण. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. दोन्ही वेळी सलग मोठा पाऊस आणि उतारावरची पाण्याने जड झालेली माती.
पावसाळ्यात लक्ष ठेवायच्या खुणा: जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नवी भेग, झाडं, खांब कलणं, दारं अचानक घट्ट बसणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, वाढणं किंवा थांबणं. शेवटची खूण सर्वांत मोलाची, आणि झरा बांधलेला असेल तर ती टाकीवर रोज दिसते. यातलं काही दिसलं तर रात्रीची वाट न बघता वस्ती हलवायची.

कानदखोरे:
सगळ्यांचे मनापासून आभार. बोअरचा विषय गावात बंद करतो, झराच धरू. यंदा मेमध्ये मोजणी, दिवाळीनंतर काम, असं डोक्यात आहे. बरोबर?

नळजोड:
मोजणी मेमध्ये बरोबर. पण पेटीचं खोदकाम दिवाळीनंतर नको. तेव्हा डोंगर ओला असतो, चारी बाजूंनी पाणी सुटतं आणि खरा बारमाही झरा कुठला ते कळत नाही. खोदकाम एप्रिल-मेमध्ये करा. जी धार तेव्हाही चालू आहे तिच्याभोवतीच पेटी. पाईपाचा चर मात्र दिवाळीनंतर खणा, तेव्हा माती मऊ असते आणि भाताची कापणी उरकल्यावर माणसं मोकळी होतात. म्हणजे यंदा मेमध्ये मोजणी, दिवाळीनंतर चर आणि टाकी, पुढच्या एप्रिलमध्ये पेटी.

खाचरातली:
टाकीजवळ तोटी बसवताना जनावरांची डोण वेगळी आणि खालच्या अंगाला घ्या. आणि नळ बायकांच्या उंचीचा हवा, हंडा ठेवायला दीड फुटाचा ओटा, त्याला उतार बाहेरच्या बाजूला.

वाटाड्या:
देखभालीचं आत्ताच ठरवा. महिन्याला घरटी ठरलेली रक्कम, एक माणूस नेमून त्याला पगार, आणि जास्तीचे ३२ मिमीचे जोड आणि दहा मीटर पाईप कायम गावात. जोड सुटला तर तो आणायला वेल्ह्याला जावं लागू नये.

कानदखोरे:
मोजणी किती दिवस करू? एकदाच की रोज?

नळजोड:
१ मेपासून पहिला वळीव पडेपर्यंत, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. वहीत तारीख, बादली भरायला लागलेले सेकंद, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का, एवढंच. सर्वांत जास्त सेकंद लागले तो आकडा टाकीच्या हिशोबाला धरा. शक्य असेल तर त्याच वारी जवळच्या दुसऱ्या झऱ्याचीही नोंद ठेवा. दोन्ही एकाच रेघेतले असतील तर दोन्हींची धार एकसारखीच कमी होत जाताना दिसेल, आणि मग दोन्हींच्या वरची सपाटी मिळून राखावी लागेल.

कानदखोरे:
दुसरा झरा शेजारच्या वाडीच्या हद्दीत आहे. त्यांनाही मोजणीला बोलावतो.